तिसरा वन्समोअर

मार्गशीर्ष वद्य ५, शके १८६२. परभणी

आज कंपनी सोडली. ज्या मंडळीत बावीस वर्षं लुगडी नेसलो तिथून निघताना मालक आबासाहेबांनी नारळ दिला आणि एक कोरी वही दिली. म्हणाले, "बन्सीधर, नक्कल उतरवायची ही शेवटची वही. आता मंडळीत नवं नाटकच बसत नाही, तर नक्कल कसली? घेऊन जा." नट आपल्या वाट्याची भाषणं ज्या वहीत उतरून घेतो ती ही वही. आता तीत माझीच भाषणं लिहितो. मध्ये तोंड घालायला दुसरं पात्र नाही हे एक बरं.

मिशा ठेवल्या आहेत. स्त्रीपार्ट करणाऱ्याचा ओठ रोज सकाळी गुळगुळीत लागतो, त्यामुळे माझी मिशी डावीकडून पांढरी आहे हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. मंडळीतले लोक पोट धरधरून हसले. हसोत बिचारे, त्यांना दुसरं काम काय उरलं आहे?

मिशांचं कारण असं की माझी एकुलती मुलगी प्रभावती हिचं लग्न ठरलं आहे आणि कन्यादान मी करायचं आहे. माघ शुद्ध त्रयोदशीचा मुहूर्त. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून पोर झरीला मावशीकडे वाढली. मावशी म्हणजे माझ्या अनसूयेची थोरली बहीण कस्तुराबाई. तिचे यजमान विष्णुपंत तिथल्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर आहेत. विष्णुपंतांचं म्हणणं पडलं की कन्यादान त्यांनी उभयतांनी करावं. विधुरानं, त्यातून नाटकवाल्यानं कशाला? त्यावर प्रभावती म्हणाली, नाना करणार नसतील तर मी बोहल्यावरच चढणार नाही. शेवटी भटजींनी तोड काढली की बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून एकट्यानं करता येतं. पंतांनी अट घातली की आधी नाटक सुटलं पाहिजे. सुटलं.

मार्गशीर्ष वद्य ९

झरीला जाऊन आलो. प्रभावतीनं मला पायरीवरच थांबवलं आणि निरखून पाहिलं.

"नाना, मिशा ठेवलात तुमी!"

"कशा दिसतात?"

"दुसऱ्याच कुणाच्या तरी वाटायल्यात," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. अनसूया अशीच हसायची.

जेवणानंतर तिनं नेहमीचं विचारलं, आईच्या वेळचं सांगा. दर भेटीत विचारते. मीही दर भेटीत सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. नऊ वर्षांपूर्वीचा चैत्र, झरीत पटकीची साथ. अनसूया पोरीला घेऊन बहिणीकडे गेलेली. मी परभणीत, खेळ चालू, दुसरा अंक. विष्णुपंतांचा सालगडी लिंबाजी सहा कोस चालत निरोप घेऊन आला. दुसऱ्या विंगेत पडद्याच्या दोरीशी उभा राहिला, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. पण आमच्या मंडळीचा नियम असा की नटाला एकदा रंग लागला की बरी-वाईट कोणतीच बातमी त्याच्या कानावर घालायची नाही, ती पडदा पडल्यावर. फार वर्षांमागे एक जण बातमी ऐकून मध्येच निघून गेला होता आणि लोकांनी खुर्च्या मोडल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. आबासाहेबांनी लिंबाजीला दटावून थांबवून ठेवलं. मला कळलं ते शेवटचा पडदा पडल्यावर. तोंडावरचा रंग न पुसता टांगा केला. पोचलो तेव्हा उजाडून तास झाला होता आणि ती उजाडताना गेली होती.

"म्हणजे तुमाला ठाऊकच नव्हतं," प्रभावती म्हणाली.

"ठाऊक असतं तर लुगड्यानिशी धावलो असतो."

"मला माहिताय की, नाना." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. एवढ्यासाठी मी बावीस वर्षांची कंपनी सोडली, आणि काही वाईट केलं नाही.

मार्गशीर्ष वद्य १३

स्टेशनाजवळच्या मैदानात टूरिंग टॉकीजचा तंबू पडला. तहसिलीतून महिनाभराची इजाजत मिळाली म्हणे. आबासाहेबांना त्याच मैदानासाठी तीन अर्ज करूनही जागा मिळाली नव्हती, त्यामुळे ते दोन दिवस जेवले नाहीत.

गंमत पुढेच आहे. बोलपट नाटक कंपनीच्या आयुष्यावर आहे, आणि नायक आमचे दिनकरराव. दहा वर्षं रंगभूमीवर माझ्यासमोर उभे राहून गायले, कैक नाटकांत माझे पती झाले. पाच वर्षांपूर्वी पुण्याला बोलपटात गेले ते गेलेच. जाताना म्हणाले होते, बन्सी, तुला बोलावून घेतो. ते राहिलं. असो, पहिला खेळ पाहायला जाणार आहे. आपल्या माणसाचं बरं झालं तर आनंदच आहे.

पौष शुद्ध २

चित्राचं नाव मी या वहीत लिहिणार नाही.

दिनकररावांनी त्यात स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाचं काम केलं आहे. जन्मात कधी लुगडं नेसले नाहीत. निऱ्या अशा काढल्या होत्या की दोन पावलांत सुटाव्यात, आणि चालणं तालमीतल्या पैलवानाचं. मी हसत होतो. शेजारच्यांना सांगतही होतो की हे असं नसतं.

मग मध्यावर तो प्रवेश आला. नट रंगभूमीवर गातो आहे. गावाकडून माणूस निरोप घेऊन येतो, विंगेत उभा राहतो. मालक त्याच्या तोंडावर हात ठेवतो: रंग लागलाय, बोलायचं नाही. तो माणूस नुसता हात वर करतो. नट पाहतो. दोघांची नजरानजर होते. तेवढ्यात प्रेक्षकांतून वन्समोअरची आरोळी उठते, आणि नट विंगेकडे पाठ करतो, कानातल्या कुडीला हात लावतो, पद पुन्हा म्हणतो. आणि पुन्हा. मध्ये मध्ये खाटेवरची बायको दाखवतात. ती दाराकडे बघत असते. बाजूला उभा असलेला नटाचा मित्र उगाच रडतो.

तंबूत बायका हुंदके द्यायला लागल्या. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "हे आपल्या परभणीतच झालतं म्हणं. तो नट अजून हाय इथं."

मी खेळ संपायच्या आत बाहेर आलो. धडधडीत खोटं! गाताना कुडीला हात लावणं ही माझी सवय, साऱ्या मुलखाला ठाऊक असलेली. ती वापरायला त्यांनी मला विचारलं का? एक तर समोर गॅसबत्त्या असताना विंगेतल्या माणसाचं तोंड दिसत नाही. दुसरं, आमच्या मंडळीत पद म्हणताना कोणी विंगेकडे पाहतच नाही. आणि घेतलीच आहे खरी घटना, तर ती नीट तरी घ्यावी. लिंबाजीनं डावा हात वर केला होता, यांनी उजवा दाखवला आहे. एवढी साधी गोष्ट ज्यांना सांभाळता येत नाही ते नटाच्या आयुष्यावर चित्रं काढायला निघाले!

पौष शुद्ध ३

जेवण गेलं नाही. बाजारात दोघांनी माझ्याकडे बघून कानाला हात लावला.

पौष शुद्ध ८

विष्णुपंतांची चिठ्ठी आली. लग्नाचं कापड घ्यायला सारे गाडीनं परभणीला आले होते. आल्यासरशी तंबूत गेले. मला कळवलंही नाही. चिठ्ठी जशीच्या तशी उतरवतो:

"चित्र पाहिले. चि. प्रभावती तेव्हापासून बोललेली नाही. कस्तुरा म्हणते, सिनेमा तो सिनेमा. आमचे म्हणणे असे की आपण समक्ष येऊन, जो माणूस निरोप घेऊन आला होता त्याच्यासमोर, काय घडले ते सांगावे. मुलीच्या मनात किंतु ठेवून बापाने तिचे दान करू नये. लिंबाजी आम्हांकडून गेल्यास सहा वर्षे झाली. हल्ली पोखर्णीस बहिणीच्या शेतावर असतो असे कळते."

मास्तर माणूस, परीक्षाच घेणार. पण बोलले ते बरोबर. मला भीती कसली? साक्षीदार जिवंत आहे.

पौष शुद्ध १२. पोखर्णी

नृसिंहाचं दर्शन घेतलं आणि लिंबाजीला शोधलं. तुरीच्या शेतात होता. केस पिकले आहेत. मला मिशांमुळे ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं आणि पाया पडला.

"लिंबाजी, एवढंच सांग. बाईंची खबर तू मला कधी सांगितलीस? पडदा पडायच्या आधी की नंतर?"

"पडदा पडल्यावरच की जी. त्याआधी मालकानं तोंडच उघडू दिलं न्हाई."

"झरीला येऊन हेच सांगशील?"

"आता खरं हाय ते सांगायला काय जातंय? येतो की."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याच्या बहिणीनं ज्वारीची गरम भाकरी वाढली. आठ दिवसांत आज पोटभर जेवलो. येताना गाडीत मंगलाष्टकं गुणगुणत होतो.

पौष पौर्णिमा. झरी

जे झालं ते लिहितो.

विष्णुपंत ओसरीवर बसले होते, कस्तुराबाई आतल्या दाराशी, प्रभावती त्यांच्या मागे. लिंबाजी खाली पायरीवर. मीच विचारलं, नटाला शोभेल अशा स्पष्ट आवाजात, की निरोप कधी सांगितलास.

"पडदा पडल्यावर," लिंबाजी म्हणाला.

मी विष्णुपंतांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. माझ्या मते तिथंच सारं संपलं होतं. पण लिंबाजीला वाटलं असावं की एवढ्या लांब आणलंय तर आपण थोडं अधिक बोलावं. भला माणूस आहे, माझी बाजू घ्यायला म्हणूनच बोलला.

"अन् मास्तर, ह्यांच्यावर कुणी आळ घेऊ नगा. ह्यांनी मला बघितलं व्हतं. म्या असा डावा हात वर केला, तर ह्यांनी डोळ्यानंच व्हय म्हणलं. म्हणून तर म्या गप उभा ऱ्हायलो. म्हणलं, आता येतेत, मग येतेत. पर लोकं सोडंनात. लय गोड गायले त्या दिवशी. तीनदा म्हणलं ते गाणं. मानसानं करावं तरी काय?"

मग दाराआडून प्रभावतीचा आवाज आला.

"लिंबाजीमामा, तिसऱ्यांदा लोक ओरडले होते का?"

लिंबाजीनं डोकं खाजवलं. "न्हाई बाई. दोनदा वरडले. तिसऱ्यानं हे आपलेच म्हणले. पेटीवाला थांबला व्हता, ह्यांनी त्याला मान हलवून सुरू करायला लावलं."

प्रभावती उठून आत गेली. तिच्या बांगड्या वाजल्या, मग त्याही थांबल्या. कस्तुराबाई तिच्यामागे गेल्या. विष्णुपंतांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

"बन्सीधरपंत," ते म्हणाले, "ते सुपारीचं राहू द्या आता."

लिंबाजी माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय चुकलं का जी माझं?"



पौष वद्य ३. परभणी

दोन दिवस अंथरुणात होतो, ताप नसताना. आज खरं लिहायला बसतो. वाचायला कोणी नाही.

गॅसबत्त्यांसमोरूनही माणूस दिसतो. तोंड नीट दिसत नाही एवढंच. कोणीतरी उभं आहे हे मला दिसलं होतं. तो लिंबाजी आहे असं वाटलंही असेल. पण लिंबाजी काय फक्त वाईट बातमी घेऊनच येणार? खरवस घेऊनही आला होता मागे एकदा. आणि बातमी तशीच असती तर आबासाहेबांनी पडदा पाडला असता. त्यांनी पाडला नाही, म्हणजे तसं काही नसणार, असं माझं मन म्हणालं. नियम आबासाहेबांचा, पडद्याची दोरी आबासाहेबांच्या हातात. मी कोण?

तिसऱ्यांदा का म्हटलं, हे मात्र कोणी विचारलं तर सांगता येईल. दुसऱ्या खेपेला वरचा षड्ज नीट लागला नव्हता. तो तसाच ठेवून पुढे जाववेना. तिसऱ्यांदा असा लागला की सारं थिएटर चिडीचूप झालं. तसा तो पुन्हा कधीच लागला नाही, त्यानंतरच्या नऊ वर्षांत एकदाही नाही.

टांगा त्याच वेळी निघाला असता तर उजाडायच्या बराच आधी पोचला असता. हा हिशेब मी कधी केला नव्हता. आज केला.

अनसूया, माझं चुकलं असेल. असेल.

माघ शुद्ध ६

कस्तुराबाई बांगड्या भरायला म्हणून परभणीला आल्या आणि माझ्या खोलीवर आल्या. बसल्या नाहीत. या बाईनं नऊ वर्षं माझी पोर वाढवली, आणि मला आज पहिल्यांदा त्यांच्या नजरेला नजर देववली नाही.

"भावजी, पोरीनं निरोप दिलाय. तिनं म्हणलं तसंच सांगायलेय, माझं त्यात काही नाही. कन्यादान मावशी अन् काका करतील. पण गाडीत बसायच्या आधी मी नानांना नमस्कार करणार आहे. त्या वेळी तेवढे माझ्या समोर उभे राहा म्हणावं. आणखी काही नको."

"आणखी काही नाही म्हणाली?"

"म्हणाली, मला एकदा बघायचंय ते येतेत का."

दाराशी जाऊन त्या वळल्या. "भावजी, ह्या टायमाला चुकू नका. पोरगी नऊ वर्षं तुमची बाजू घेऊन माझ्याशी भांडत आली."

त्या गेल्यावर मी रडलो. ओक्साबोक्शी रडलो, रंगभूमीवर रडतो तसं नाही. पोरीनं दार सगळं लावलं नाही. समोर उभं राहायचं, बस. एवढं काय अवघड आहे? मी सकाळपासून गाडीशेजारीच उभा राहीन.

माघ शुद्ध १३. झरी

लग्न यथासांग पार पडलं. प्रभावती हिरव्या शालूत फार गोड दिसत होती. कन्यादानाच्या वेळी मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. विष्णुपंतांच्या हातून पाणी सुटलं तेव्हा तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. तिनंही जरासं ओठ हलवल्यासारखं वाटलं.

व्याही माधवराव सेलूच्या कचेरीतले, रसिक माणूस. पुरुषांची पंगत परसात बसली होती. जेवणं आटोपत आली आणि माधवराव मोठ्यानं म्हणाले, "अहो, एवढा नामी गवई मांडवात असताना आमी काय नुसते लाडू खाऊन जावं? एखादं पद होऊन जाऊ द्या." मी नको म्हणालो. खरंच नको म्हणालो, दोनदा. पण व्याह्यांचा शब्द. पोरीच्या सासरचा माणूस पहिल्याच दिवशी दुखवायचा का? त्यांनीच कोणाला तरी पाठवून पेटी आणवली.

पद म्हटलं. आवाज जवळजवळ दोन महिने बंद ठेवलेला, पण काय लागला! पंगतीतली माणसं हात न धुता बसून राहिली. माधवराव ओरडले, "वन्समोअर!" पंगतभर लोकांनी उचललं. या वेळी ते खरोखर ओरडले, पन्नास साक्षीदार आहेत. दुसऱ्यांदा म्हटलं. त्यात वरचा षड्ज असा जवळ आला, अगदी हाताला लागेल इतका, आणि किंचित निसटला.

परतलो तेव्हा पुढच्या दारी कोणी नव्हतं. सडा विस्कटला होता, आणि गाडीच्या चाकोऱ्या. माधवरावही उठून गेले होते, कधी गेले कळलं नाही. विष्णुपंत उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, परभणीची आगगाडी गाठायची होती, प्रभावती थांबता येईल तितकं थांबली. गाडीत चढलीच नव्हती ती. चाकाला धरून उभी होती. मग तिनं रिकाम्या पायरीला वाकून नमस्कार केला आणि चढली.

मला कोणीतरी सांगायला हवं होतं. पन्नास माणसं होती, एकानंही सांगितलं नाही. कस्तुराबाई परसाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या हे खरं. मी तिसऱ्यांदा नुकता सूर धरला होता तेव्हा. हातानं काही खुणावल्यासारखंही दिसलं. पण लग्नघरात बायका दारात शंभरदा येतात. मला वाटलं, पंगतीला पाणी हवंय का म्हणून विचारायला आल्या असतील.